उरलेला शब्द

एकाहत्तरच्या लढाईत भीमाच्या डोक्यात डावीकडून गोळीचा तुकडा घुसला. लष्करी डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, गोजरबाईला, समजावलं, “मेंदूतला बोलण्याचा भाग गेला. समजण्याचा शाबूत आहे. आता एकच शब्द उरलाय, ‘व्हय’. नाही म्हणायचं असलं तरी तोच येईल.”

“जेवता?” गोजरबाई विचारायची.

“व्हय.”

“का नगं?”

“व्हय.”

“पल्टनीनं लई गुणाचा केला की गं तुझा नवरा!” गाव हसायचं. डॉक्टरांचं बोलणं गोजरबाईनं कुणालाच सांगितलं नाही.

वर्षानं तिनंच काडीमोडासाठी पंच बोलावले. नवऱ्यानं तोंडानं कबूल केल्याशिवाय बायको सुटत नसे.

“भीमा, राजीखुशीनं सोडतोस का हिला?”



“व्हय,” भीमा म्हणाला, आणि त्यानं गोजरबाईचा पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला.