बादलची सवय

हैदराबादबाहेरच्या घोडेस्वारीच्या कॅम्पवर हिम्मतरावांनी तंबूसमोरच घोड्यावर मांड ठोकली आणि बायकोला, सावित्रीबाईंना बजावलं, "घोडा आमच्या रक्तातच आहे. तुम्ही चहाचं बघा, मी जंगलातून एक फेरी मारून येतो."

घोडेवाला हसला. "फिकर नक्को साब, बादल बहुत शरीफ है. पिछले साल तक शादियों में चलता था."

पायवाट अर्धी सरते न सरते तोच शेजारच्या फार्महाऊसवर लग्नाचा मर्फा, म्हणजे हैदराबादी ढोलताशा, कडाडला. बादलनं कान टवकारले, आणि हिम्मतराव "अरे रुक, नक्को!" म्हणेपर्यंत तो थेट मांडवाच्या दारात जाऊन नाचायला लागला. लगाम ओढा, टाच मारा, गडी हलेचना. शेवटी तिथल्या बायकांनी हसत हसत घोड्याला ओवाळलं, वर बसलेल्यालाही ओवाळून कुंकू लावलं, हार घातला, तेव्हा कुठे स्वारी माघारी वळली.

हिम्मतराव तंबूसमोर मान खाली घालून उतरले. सावित्रीबाईंनी आधी कपाळावरचं कुंकू पाहिलं, मग गळ्यातला हार पाहिला आणि शांतपणे आधण ठेवलं.



"चहा दोघांचाच टाकू, की तिघांचा?"