कंबरेचं निमित्त

"आज शेवटची खेप," असं म्हणत दवाखान्यातल्या मशीनवाल्याने गार जेल लावलं. टेबलावर आडवा पडलेला गादीवाला छताकडे बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पण कंबरेखाली उघड्या पडलेल्या पन्नाशीच्या माणसाने बघावं तरी कुठे? आवाजाच्या लहरी आत जातात, रक्त नीट वाहायला लागतं, मग अंथरुणातला गेलेला जोर परत येऊ शकतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. लहरी त्याला कधीच जाणवल्या नाहीत. गारवा तेवढा जाणवायचा.

घरी काही फरक पडला का, असं मशीनवाल्याने विचारलं.

"कळायला मार्गच नाही," गादीवाला म्हणाला. "बायकोला सांगितलंय, कंबर दुखतेय."

करायला गेला एक आणि झालं भलतंच. कंबरेला मऊ गादी वाईट, हे गादीवाल्याच्या बायकोला कुणी वेगळं सांगायला नको. तिने त्याच्याच दुकानातून सगळ्यांत कडक गादी मागवली आणि बाहेरच्या खोलीत लाकडी बाकावर घातली. उपचार सुरू झाले त्या दिवसापासून तो बाहेर आणि ती आत. ऐकून मशीनवाल्याची हसून पुरेवाट झाली. गादीवालाही हसला, आणि हसता हसता त्याला फार एकटं वाटलं.

आज काय ते बोलायचंच, असं वाटेत त्याने मनाशी पक्कं केलं. घरी आला तेव्हा बायको आतल्या पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. दारातूनच त्याने सांगून टाकलं, की कंबर आता ठणठणीत आहे आणि आजपासून तो आत झोपणार.

तिचे हात थांबले. त्याला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

"राहू द्या ना बाहेरच. मला आत्ता कुठे झोप लागायला लागलीये."

"म्हणजे?"

तिने त्याचाच एक सदरा मांडीवर घेतला. बाह्या आत दुमडल्या. त्याच्याकडे न बघताच बोलली.

"तुम्ही पाठ करून झोपायचात ना, तेव्हा मी रात्र रात्र जागी असायचे. माझ्यात काय उणं झालं, तेच शोधत. एकटी असले की ते शोधावं लागत नाही."