आवाज ऐकल्याशिवाय टिक नाही

"सासूबाई झोपल्यात. ठीक आहेत. टिक करून टाका ना!" सून जर्मनमध्ये वैतागून म्हणाली.

"त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय टिक करता येत नाही, मॅडम. उठवा त्यांना," हरीश म्हणाला.

न्यूझीलंडच्या टौरंगात संध्याकाळचे पाच वाजले होते, तिकडे आल्प्सच्या डोंगरात सकाळचे सात. देश केवढा, तर आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. पण म्हाताऱ्यांची काळजी बघा! पंच्याहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला रोज सकाळी सरकारचा फोन. तिथली ऑफिसं नऊला उघडायची, म्हणून त्याआधीचे फोन इथून जायचे. पुण्यात हौसेनं शिकलेलं जर्मन हरीशच्या असं कामी आलं होतं.

सासूबाई आल्या. "आहे रे बाबा, अजून जिवंत आहे." मग गुडघ्यांचं पुराण. हरीशनं ते सगळं ऐकून घेतलं आणि टिक केलं.

टेबलावरचा मोबाइल थरथरला. आई. त्यानं कॉल कापला. पाठोपाठ तिचा व्हॉइस मेसेज आला. त्यावर अंगठ्याचा इमोजी ठोकून त्यानं पुढचा नंबर लावायला घेतला.

"अरे, बोल की दोन मिनिटं," शेजारच्या खुर्चीतला शार्दूल म्हणाला.

"रोजचंच आहे रे. भाजीवाला काय म्हणाला, कोणाच्या सुनेनं काय केलं. पाच-पाच मिनिटांचे मेसेज! कोण ऐकत बसणार? अंगठा गेला की खूश असते ती."

"तब्येत बरी आहे ना पण?"

"ठणठणीत! या आठवड्यात तर दिवसाला चार-चार कॉल. सांगलीत एकटी आहे, करमत नाही."

"स्वीट अ‍ॅझ," असं इथल्या भाषेत 'झकास' म्हणत शार्दूलनं हेडफोन चढवला.

पुढचा नंबर वाजत राहिला. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. एक्क्याऐंशी वर्षांचे एकटे आजोबा! हरीशनं तिथल्या पोलिसांना कळवलं, शेजाऱ्यांना उठवलं, बाकीची यादी शार्दूलकडे सरकवली आणि वीस मिनिटं नुसता जीव टांगणीला लावून बसला. शेवटी आजोबांचाच फोन आला. अंघोळीला गेले होते म्हणे.

"माझ्या पोरानं एवढी धावपळ केली नसती," आजोबा हसत म्हणाले. "तुझी आई नशीबवान आहे हो."

हरीश सुखावला. आणि लगेच त्याला कसंनुसं झालं. आईचा आवाज शेवटचा कधी ऐकला होता? आठवेना. लाज वाटली त्याला, अगदी मनापासून वाटली.

सातच्या ब्रेकला तो पार्किंगमध्ये आला. सांगलीत साडेबारा झाले असतील, तिचं जेवण चाललं असेल. आधी मेसेज ऐकू, मग फोन करून चांगला अर्धा तास बोलू, असं त्यानं ठरवलं. मंगळवारपासूनचे अकरा मेसेज न ऐकता पडले होते, एकूण एक अंगठा दिलेले. त्यानं आजचा लावला.

आवाज पुरुषाचा होता.

"हरीश, मी शेजारचा तुकारामकाका. विभावरीताईंच्याच फोनवरून बोलतोय, तुझा नंबर यातच आहे. फोन लावला की तू कापतोस, कामात असशील. मंगळवारी विचारलं होतं, तुला यायला जमत नसेल तर आम्हीच उरकून घेऊ का म्हणून. तुझा अंगठा आला, मग मीच अग्नी दिला. आता अस्थींचं विचारायचं होतं. आज बाराला कृष्णेत सोडू, की तू येईपर्यंत ठेवू? सोडायच्या असतील तर नुसता अंगठा पाठव."

मेसेजच्या खाली, दोन तासांपूर्वीचा, हरीशचा अंगठा होता.