लंगडा हत्ती

हत्तीचा मागचा पाय गुडघ्यापाशी तुटला होता.

पूनमने गॅस बारीक केला, ओले हात ओढणीला पुसले आणि पुन्हा नीट पाहिलं. ओट्याशेजारच्या टेबलावर सासऱ्यांचा नवा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर चादरीचा काठ, काठावर हत्तींची रांग. बारीक बारीक चौकोन भरून काढलेली नक्षी. चौकोन चुकला की मागावर धागा चुकला. बाकीचे हत्ती धडधाकट होते. या एकाच्याच पायातले चौकोन रिकामे.

सासरे, ईश्वरप्पा, देवळात गेले होते. सोलापुरी चादरींच्या नक्ष्या काढण्यात त्यांची उमर गेली होती. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. त्यांच्या हातून ही चूक?

जुना कॉम्प्युटर असता तर तिला हे दिसलंही नसतं. तो मामांच्या खोलीत असायचा. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. भलंमोठं टेबल, खाली वायरींचा गुंता, वीज गेली की किंचाळणारी बॅटरी. झाडतानासुद्धा ती त्याला वळसा घालून जायची. तो बंद पडला तेव्हा तिच्या नवऱ्याने, शिवराजने, नवी पेठेतून हा मोठ्या पडद्याचा लॅपटॉप आणला.

"आन् कॉम्प्युटर कुटं हाय ह्याचा?" मामांनी रिकाम्या खोक्यात डोकावून विचारलं होतं.

"हाच की, अप्पा. सगळं ह्यातच."

"आख्खं टेबल गिळलं की रं ह्यानं!"

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, आणि पडदा मात्र तसाच उजळ राहिला. मामांनी चक्क हात जोडले.

मग लॅपटॉप त्यांच्यामागे घरभर फिरू लागला. कधी ओसरीत, कधी जिन्याच्या पायरीवर, आणि सकाळी हमखास स्वयंपाकघरात. "हितं वारं येतंय," ते म्हणायचे. तापल्या तव्यापाशी कसलं वारं, हे पूनमने कधी विचारलं नाही.

तिने दाराकडे पाहिलं. मग माउसवर हात ठेवला, शेजारच्या हत्तीचा पाय चौकोन मोजून पाहिला, आणि भीत भीत तसेच चौकोन भरले. नक्षी लहान करून पाहिली. चौकोन दिसेनासे झाले, आणि हत्ती चालू लागले. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा ती भानावर आली.

मामा आले, चष्मा लावून पडद्यासमोर बसले. पूनम करपलेला तवा खरवडू लागली.

"लई गुणाचं यंत्र हाय हे," ते एवढंच म्हणाले, आणि काम कारखान्याला पाठवून दिलं.

त्यांना काहीच कळलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एक फूल रंग बदलून बसलं होतं. नंतर काठाची दोन टोकं एकमेकांना जुळेनात. एकदा एका वेलीत लाल धागा मोकळाच लांब सुटला होता. असा धागा विणला तर बांगडीत अडकून चादर उसवते, हे तिने घरातलीच चादर उलटी करून शोधून काढलं. चुका वाढत चालल्या, अवघड होत चालल्या. पूनम रोज सकाळी त्या दुरुस्त करायची आणि मनातून खचायची. मामांची नजर गेली, की डोकं?

"मामांना कळता कामा नये," ती शिवराजला म्हणाली. "काम गेलं तर मामा उभे राहणार नाहीत."

"पण तुला हे जमतंय कसं?"

तिलाही ठाऊक नव्हतं. मात्र आता तिला फरशीत, खिडकीच्या जाळीत, डाळीच्या ताटात चौकोन दिसायचे. एवढ्याशा चौकोनांतून अख्खं रान उभं राहतं, याचं तिचं नवल सरत नव्हतं.

एके दिवशी कारखान्यातून मल्लप्पा शेठचा फोन आला. बाहेरगावचं गिऱ्हाईक बसलंय, त्याला काठावर हत्तीऐवजी नंदी पाहिजे, आत्ता, डोळ्यांसमोर काढून. अप्पांना घेऊन या.

पूनम हातातलं काम टाकून पुढे आली. "मामा, बरं नाही म्हणून सांगू का?"

"का? मला काय धाड भरलीय? चल, तू बी चल."

रिक्षात लॅपटॉपची पिशवी तिने पोटाशी धरली होती. कारखान्यात माग धडधडत होते. गिऱ्हाईक, शेठ, दोन विणकर, सगळे टेबलाभोवती उभे राहिले. मामांनी लॅपटॉप उघडला. पूनमने डोळे मिटून घेतले.

कुणीतरी "वाह!" म्हणालं, तेव्हा तिने ते उघडले.

मामांचा हात माउसवर पाण्यासारखा वाहत होता. शिंगं, वशिंड, गळ्यातल्या घंटा. एक चौकोन इकडचा तिकडे नाही. काठाची टोकं पहिल्याच झटक्यात जुळली. धागा कुठे सुटा नाही. तरुणपणी काढत असतील तसाच तो नंदी डौलात बसला.

"अप्पा, तुमचा हात काही थकत नाही," शेठ म्हणाले.

"थकला की. म्हनून तर हिला आनलंय. म्होरचं सगळं हीच काढनार." मामांनी लॅपटॉप पूनमपुढे सरकवला.

पूनम त्यांच्याजवळ सरकली. "मामा," ती कशीबशी कुजबुजली, "मग घरी रोज त्या चुका...?"

"चांगल्या कामाला तू हातच लावत नव्हतीस, पोरी. म्हनून मी रोज जरा बिगडवून ठेवत होतो."