पट्ट्यामागे एक तास

हेलिकॉप्टर शिकायची तासाची फी ऐकून विमानं रंगवणाऱ्या ताईंना जमिनीवरच घेरी आली. तोडगा शेवटी मास्तरांनीच काढला. "माझं हेलिकॉप्टर रंगवून द्या. एका पट्ट्यामागे एक तास शिकवतो."

मास्तरांच्या मनात होते दोन-तीन पट्टे. ताईंनी शेपटीपासून नाकापर्यंत चाळीस ओढले.

"अहो, हे हेलिकॉप्टर आहे की वाघ?" मास्तर करवादले. पण दिलेला शब्द मागे कसा घेणार? चाळीस तास ते ताईंच्या शेजारी बसून आधी ओरडले, मग घाबरले आणि शेवटी चक्क पेंगले.

चाळिसावा तास संपत आला तेव्हा ते खाली उतरले. "जा, एक फेरी एकट्या मारून या."

मास्तरांचं वजन उतरताच हेलिकॉप्टर टुणकन वर गेलं. एक फेरी झाली, दोन झाल्या, ताई गाणं म्हणत तिसरी मारू लागल्या. मास्तर रेडिओवर ओरडले, "उतरा आता! पट्टे संपले!"

"सर, जरा वर बघा ना."

रंगवल्यापासून मास्तर आज पहिल्यांदाच हेलिकॉप्टर खालून बघत होते. त्याच्या पोटावर बोट-बोट रुंदीचे आणखी पट्टे होते, आणि ते मोजता मोजता मास्तरांची मान अवघडली.