सात अक्षरांचा राजा

"परत म्हण ना," आतल्या खोलीत बायको म्हणाली. "जरा हळू म्हण."

म्हातारा गवंडी दारातच थबकला. एक चप्पल पायात, एक बाहेर. आतून फोनमधला आवाज आला. गोड, सावकाश, ना खोकला ना धाप. मग ती हसली. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याला कधी 'परत म्हण' म्हणाली नव्हती. त्याचं एकदा बोललेलंच तिला पुष्कळ व्हायचं.

फोन लेकीने तीन महिन्यांपूर्वी दिला होता. त्यात कृत्रिम बुद्धीचा मदतनीस होता. विचारलं की सांगायचा, म्हटलं की वाचायचा. "आईला दुपारची सोबत होईल," लेक म्हणाली होती. सोबत! नवरा घरात जिताजागता असताना?

बायकोची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. तोवर रोज संध्याकाळी देवाचं वचन तीच वाचायची आणि तो ऐकायचा. मग तो अक्षरं शिकला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, चर्चच्या रविवारच्या शाळेत, पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. तेव्हापासून रोज एक अध्याय. मोठी नावं आली की तो गडबडायचा आणि 'कोणी एक राजा' म्हणून पुढे सरकायचा. त्यांच्या घरात कोणी एक राजा दुसऱ्या कोणी एका राजावर चालून जायचा. अलीकडे मात्र तो अडला की ती हळूच नाव पुढे करायची. जुनं वाचलेलं आठवत असेल, असं त्याला वाटायचं. वाचणारा तो, अडल्यावर हात देणारी ती. दिवसातली तेवढी घटका त्याची होती. आता ती घटकाही जाणार, अशी भीती त्याला वाटत होती.

गेल्या रविवारी त्याने चर्चच्या दारात पाळकांना गाठलं होतं.

"पाळकसाहेब, यंत्राने वाचलेलं वचन देवाला चालतं का हो?"

"देवाला चालत असावं," पाळक म्हणाले. "तुम्हाला चालत नाही, असं दिसतंय."

त्याने मत्सराची क्षमा मागितली. अगदी मनापासून मागितली. घराच्या वळणावर येईपर्यंत तो पुन्हा जळायला लागला होता. आणि आता हे 'परत म्हण ना'.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हायला गेली. त्याने फोन उचलला आणि कामाच्या पिशवीत, थापी आणि ओळंब्याच्या खाली दडपला. ती दिवसभर चाचपडत राहिली. उशीखाली, फळीवर, खिडकीत.

"अहो, फोन कुठे दिसला का?"

"मला काय ठाऊक? तुमच्या दोघांच्या गुजगोष्टी तुम्हीच बघा."

दुपारभर घर गप्प होतं. त्याला बरं वाटायला हवं होतं.

संध्याकाळी त्याने दिवा लावला, खुर्ची तिच्याजवळ ओढली, चष्मा पुसला. आज आवाज फक्त त्याचा होता. चांगला खणखणीत लावला त्याने. दोन ओळी सरळ गेल्या. तिसरीत राजा आला, सात अक्षरांचा. पहिलं जमलं, दुसरं जमलं, पुढे जोडाक्षर आडवं पडलं. तो सवयीने थांबला. वाट पाहिली.

ती गप्पच.

"अगं, अडलंय."

"कळलं मला."

"मग सांग की. रोज सांगतेस."

तिने चेहरा त्याच्या दिशेने वळवला. गृहपाठ न करता वर्गात आलेल्या मुलीसारखी ती ओशाळली होती.

"कुठून सांगू? तुम्ही संध्याकाळी वाचणार तो अध्याय मी रोज दुपारी त्याच्याकडून घोकून घेते. आज फोनच सापडला नाही हो."