ओलं मीठ

पाच वर्षं नुसता गाळ हाती लागल्यावर त्या सकाळी वैष्णवीच्या बाटलीत निकेलच्या कॉम्प्लेक्सचे, म्हणजे निकेलच्या एका संयुगाचे, हिरवेगार स्फटिक दिसले. जबलपूरच्या त्या प्रयोगशाळेत सगळे तिचं अभिनंदन करत होते आणि ती मात्र वहीतल्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासत होती. हे कॉम्प्लेक्स ती आयॉनिक लिक्विडमध्ये, म्हणजे खोलीच्या तापमानालाही पातळ राहणाऱ्या मिठात बनवत होती. ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून वापरण्याआधी दोन दिवस निर्वात पंपावर सुकवायचं, हा तिच्या गाइडचा, भय्यासाहेब सरांचा, पहिला नियम. जवळच्या पनागर गावाची बस पकडायच्या घाईत या वेळी ती नेमकं तेच विसरली होती.

गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. पीएच.डी.ची मुदत महिन्यावर आली होती. पण मग हे स्फटिक पुन्हा कोणालाच बनवता आले नसते. ती सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, माझी चूक झाली. मीठ ओलंच होतं."

"अच्छा! सुकवलंच नाही?"

"नाही जी."

सरांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि ते हसायलाच लागले.

"म्हणजे निकेलला थोडं पाणी पाहिजेच होतं वाटते. चलो, आता मुद्दाम मोजून पाणी टाकून पाहू. आणि जे झालं ते जसंच्या तसं लिही."

"पण चूक..."

"तुझी काहून? पाच वर्षं रोज मीच तर विचारून राहिलो होतो, 'नीट सुकवलं ना?'"